बिऱ्हाड हललं, पिल्लाचं काय?

बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? लोणच्याची बरणी! ती साड्यांच्या मधे ठेवायची की सरळ मांडीवर घेऊन बसायचं, यावर आपण अर्धी रात्र घालवतो. मग देव्हारा, मिक्सर, शिलाई मशीन, गव्हाची कोठी, कुंडीतली तुळस... यादी लांबतच जाते. या यादीत एक नाव मात्र बहुतेक वेळा नसतंच. दाराशी शेपूट हलवत बसलेल्या पिल्लाचं.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या आसेगावच्या घरी याच एका नावावरून आठ दिवस महाभारत झालं. आमचे जावई फौजेत आहेत. दोन-अडीच वर्षं सीमेवर होते, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून थोरली लेक नातवाला घेऊन आमच्याकडेच राहायला होती. मग त्यांची बदली पंजाबात फिरोजपूरला झाली आणि क्वार्टर मिळालं. जावई पुढे गेले. मागून लेकीने आणि सातवीतल्या नातवाने जायचं ठरलं. सगळं आनंदाचंच होतं. अडचण एकच, शेरू.

शेरू म्हणजे काही पेपरातल्या जाहिरातीतलं केसाळ कुत्रं नव्हे. अस्सल गावठी. डिसेंबरच्या थंडीत मंगरूळपीरच्या रस्त्यावर त्याची माय गाडीखाली गेली आणि नातवाने हे मुठीएवढं पिल्लू शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं. तीन महिन्यांत ते घरचं झालं. माझ्या पायाशी झोपायचं, ह्यांच्यामागे शेतात जायचं आणि नातू शाळेतून येण्याच्या वेळी बरोबर फाटकाशी जाऊन बसायचं.

लेक म्हणाली, "आई, शेरू आमच्यासोबत येणार." मला वाटलं, पोराची समजूत काढायला म्हणत असेल. पण तिने खरोखरच चौकशी केली आणि फर्स्ट एसीची दोन तिकिटं काढायला निघाली. आकडा ऐकून माझा चहा कपातच राहिला. त्या पैशात तिच्या नव्या घरात वॉशिंग मशीन आलं असतं!

बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. "काय वं माय, गावठी कुत्र्याले फस्ट क्लासचं तिकीट? आमी तं जलमात नाई बसलो! सोडून दे न वं इथंच, गावात काय कमी कुत्रे हायेत? खाईन कुठंबी."

मी सगळ्यांच्या पुढे मान डोलावली. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. रात्री मी लेकीला म्हटलं, "अगं, आम्ही दोघं आहोत ना इथे. राहील तो. नाहीच राहिला तर गाव आहे." ती साडीच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मोत्यालाही गाव होतंच की."

पुढे मला बोलता आलं नाही.

मैत्रिणींनो, आता मोत्याचं सांगते. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. नवी कार्यालयं उघडली, ह्यांची वाशीमला बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल एवढंच अंतर, फिरोजपूरसारखं लांब नव्हे. पण भाड्याच्या दोन खोल्या, घरमालक कडक, सासूबाईंचा सोवळा स्वयंपाक. मोत्या तेव्हा वर्षाचाही नव्हता. "कुत्र्याची जात, राहील कुठेही," असं म्हणून आम्ही त्याला ओट्यावर सोडलं. दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या, आणि टेम्पो निघाला. तो गावाच्या वेशीपर्यंत मागे धावला. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. मागच्या फळीला धरून ती रडत होती आणि मी तिला म्हणत होते, "उगी, आपण येऊ त्याला न्यायला."

पोळ्याला आम्ही आलो. शेजारणीने सांगितलं, "लय दिवस बसला माय तुमच्या दाराशी. भाकर टाकली तं हुंगे अन् परत दाराकडे तोंड करून बसे. मंग एक दिवस दिसलाच नाई." कुठे गेला, काय झालं, आजवर कळलेलं नाही. मी लेकीला सांगितलं, "त्याला कुणीतरी चांगल्या माणसाने नेलं." ती गप्प बसली. मला वाटलं, लेकरू आहे, विसरेल. ती विसरली नव्हती.

त्या रात्री माझा विरोध संपला. पण नुसत्या रडू येण्यावर मत बनवू नये, असं माझं म्हणणं आहे. म्हणून नंतरच्या दिवसांत मी नीट विचार केला, माहिती घेतली, आणि आज जे मत झालंय ते तुमच्यापुढे ठेवते.

माझं म्हणणं असं : जनावर देणं वेगळं आणि सोडणं वेगळं. लेकीच्या लग्नात आपण तिला 'देतो', तेव्हा घर बघतो, माणसं बघतो, पुन्हा-पुन्हा जाऊन येतो. पिल्लू खरोखरच नेता येत नसेल तर त्यालाही असंच द्यावं. महिनाभर आधी घर शोधावं, त्या माणसांना चार वेळा घरी बोलवावं, त्यांच्या हातून खाऊ घालावं, त्याचं अंथरूण आणि लसीचं कार्ड सोबत द्यावं, नंतर फोन करून विचारावं. याला देणं म्हणतात. फाटकाला कुलूप लावून टेम्पोत बसणं म्हणजे सोडणं. 'गाव सांभाळेल' हे वाक्य आपण आपल्या मनाच्या समजुतीसाठी बोलतो. गाव म्हणजे शेवटी कोण? शेजारची तीच बाई, जिच्या घरी आधीच आठ माणसांचा स्वयंपाक आहे.

कुणी म्हणेल, "बाई, माणसाला खायला मिळेना आणि तुम्हाला कुत्र्याचं पडलंय!" हा प्रश्न रास्त आहे. सोयाबीनला भाव नाही, तुरीवर अळी, त्यात कुत्र्याचं कौतुक कोण करणार? पण जरा आपल्याच शिवारात बघा. सुगी झाली की काठेवाडी लोक गुरं-मेंढ्या घेऊन आपल्या भागात उतरतात. उंटाच्या पाठीवर उलटी बाज बांधलेली असते आणि तिच्यात भांडीकुंडी, लेकरं, नुकतीच जन्मलेली कोकरं. एकदा मी त्याच बाजेतून कुत्र्याचं पिल्लू डोकावताना पाहिलं. ज्यांचं बिऱ्हाड दर चार-आठ दिवसांनी हलतं, ज्यांचं अख्खं घर एका उंटावर मावतं, त्यांना पिल्लाला जागा सापडते. आपला टेम्पो भरून सामान असतं आणि जागा नसते ती नेमकी त्याच्यापुरती. तेव्हा हा प्रश्न नुसता पैशाचा नाही.

आपले संस्कारही काही वेगळं सांगत नाहीत. धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला सांगितलं गेलं, कुत्र्याला सोड आणि आत ये. तो म्हणाला, जो माझ्या आसऱ्याने इथवर आला त्याला टाकून मला स्वर्ग नको. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ना? आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. तिथे दर्शनाला जाणाऱ्या आपण सगळ्याच जणी. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कोण असतं ते डोळे मिटून आठवा. तसबिरीतल्या कुत्र्याला हळदकुंकू आणि दारातल्याला काठी, असं कसं चालेल?

आणि हे वेड फक्त आपल्या पोरांचंच आहे असंही नाही. 2005 साली अमेरिकेत कतरिना वादळ आलं, तेव्हा आपलं जनावर सोबत नेता येत नाही म्हणून कित्येक माणसांनी घर सोडायलाच नकार दिला. त्यानंतर 2006 मध्ये तिथे कायदाच झाला, की संकटात माणसांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव जनावरांचाही विचार करायचा. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथे शिकणारी आपली काही मुलं आपापली कुत्री-मांजरं छातीशी धरून मायदेशी आली, आणि आपल्या सरकारने त्यांच्यासाठी एकदाच म्हणून नियम सैल केले. बॉम्ब पडत असताना ज्यांनी सोडलं नाही त्यांना काय म्हणाल?

कायद्याचंही सांगते. 1960 सालचा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे आहे. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा रीतीने कारणाशिवाय टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. दंड किती माहीत आहे? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आजकाल पाणीपुरीच्या दोन प्लेटही येत नाहीत. म्हणजे कायद्याच्या भीतीने कुणी थांबणार नाही. थांबायचं तर आपणच.

यात आपला स्वार्थही आहे बरं का. सोडून दिलेली कुत्री लस न घेतलेली, नसबंदी न झालेली असते. एका वर्षात तिला पिल्लं होतात, ती भुकेली फिरतात, टोळ्या होतात आणि मग आपलीच लेकरं शाळेत जाताना घाबरतात. 'गावात कुत्रे फार झाले' अशी तक्रार आपण ग्रामपंचायतीत करतो, पण त्यातली काही आपल्याच ओट्यावरून गेलेली असतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा दिसू लागला की त्यावर जवळजवळ उपाय नाही. म्हणून कुत्रं कोणाचंही चावलं तरी जखम आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची, हळद-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. घरच्या पिल्लाला लस वेळेवर दिली तर तो धोका टळतो, घरचाही आणि गल्लीचाही.

आता तुम्ही विचाराल, नेलं तरी कसं? तेच सांगते. लेकीने जे केलं त्यातून मी शिकले.

पहिलं काम लसीचं. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढे दरवर्षी. जंताचं औषध वेगळं. लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला लांब नेऊ नये, स्टेशनच्या फरशीवर तर मुळीच उतरवू नये. तिथल्या घाणीतून पार्व्हो लागतो. उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि लहान जीव दोन-तीन दिवसांत हातचा जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्यायचा. 1978 सालचे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत, त्यात हा दाखला सांगितला आहे. त्याच नियमांत असंही आहे की वाटेत पिल्लाला दर चार तासांनी खायला द्यावं, आणि उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी. नियम करणाऱ्यांपैकी कुणीतरी घरी पिल्लू वाढवलं असणार, असं मला ते ऐकून वाटलं!

दुसरं रेल्वेचं. टू टायर, थ्री टायर, चेअर कार, स्लीपर किंवा साधा डबा, यात कुत्रं नेता येत नाही. फर्स्ट एसीत दोन किंवा चार बर्थची पूर्ण खोली आपल्या माणसांच्या नावावर असेल तर सोबत नेता येतं. दोन बर्थच्या खोलीला कूपे म्हणतात. तिकीट काढल्यावर कूपे मिळावा म्हणून रेल्वेकडे अर्ज करायचा, आणि मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावर कळतं. तोवर जीव टांगणीला! दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या 'डॉग बॉक्स'चा. तो स्वस्त पडतो, पण तिथे जनावर एकटं असतं आणि त्याचं खाणं-पाणी थांबा आला की आपणच धावत जाऊन बघायचं. मार्चअखेरीस आपल्या वऱ्हाडात काय ऊन असतं ते वेगळं सांगायला नको. चार महिन्यांचं पिल्लू त्या पेटीत ठेवायला लेकीचं मन धजेना. दोन्ही प्रकारांत गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात जाऊन बुकिंग करायचं, वजनाच्या हिशोबाने भाडं भरायचं आणि पावती जपून ठेवायची. लपवून नेलं आणि सापडलं तर कितीतरी पट भरावे लागतात.

तिसरं पिल्लाच्या मनाचं. जायच्या पंधरा दिवस आधी लेकीने एक मोठी वेताची टोपली आणली. त्यातच शेरूचं जेवण, त्यातच झोप. खाली माझं जुनं लुगडं अंथरलं आणि ते मुद्दाम धुतलं नाही. म्हणाली, "त्याला घराचा वास यायला पाहिजे." निघायच्या तीन-चार तास आधी थोडंसंच खायला दिलं, म्हणजे जीपमध्ये उलटी होत नाही. झोपेचं औषध वगैरे आपल्या मनाने अजिबात द्यायचं नाही. सामानाच्या टेम्पोत जनावर बसवायचं नाही. काचा लावलेल्या गाडीत उन्हात पाच मिनिटंही ठेवायचं नाही. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर.

भल्या सकाळी जीप भाड्याने करून आम्ही सगळे भुसावळला गेलो. पंजाब मेल ही 1912 पासून धावणारी जुनी गाडी. भुसावळहून फिरोजपूर सुमारे दीड हजार किलोमीटर. एक पूर्ण दिवस आणि वर काही तास. कूपे मिळाला होता. लेक एकटी, सोबत नातू, दोन बॅगा, लोणच्याची बरणी आणि टोपलीत शेरू. गाडी हलली तेव्हा त्याने टोपलीतून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. मला वेशीवर मागे पडत गेलेला मोत्या आठवला. पण या वेळी हे डोकं गाडीच्या आत होतं, एवढं एक समाधान.

तिकडे पोहोचल्यावरही लगेच सगळं सुरळीत झालं नाही. दोन दिवस शेरू जेवला नाही. नव्या जागी कुत्री घाबरतात, दार उघडं दिसलं की जुन्या घराच्या दिशेने पळत सुटतात. म्हणून लेकीने त्याला पहिले पंधरा दिवस एकाच खोलीत, तेच लुगडं अंथरून ठेवलं. बाहेर नेताना साखळी सोडली नाही. जेवणाची वेळ आसेगावला होती तीच. तिसऱ्या दिवशी त्याने ताटली चाटून-पुसून साफ केली. नातवाला तर नव्या शाळेत कुणी ओळखीचं नव्हतं, भाषा नवी. तो शेरूला फिरवायला नेई, तिथेच त्याला पहिला मित्र मिळाला, त्याच्याकडेही कुत्रं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, मलाही इथे कुणी नव्हतं गं. दुपारी घरात वऱ्हाडीतून बोलायला एक जीव आहे, तेवढं बरं वाटतं."

हे ऐकून मला वाटलं, आपण बायकाच खरं तर हे जास्त समजू शकतो. ओळखीचं घर, ओळखीचा वास, ओळखीची माणसं सोडून एका संध्याकाळी परक्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. आपल्यासोबत तेव्हा माहेरचा कुंकवाचा करंडा तरी होता. मागे सोडलेल्या पिल्लाकडे तर तेवढंही नसतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. सगळ्यांनी फर्स्ट एसीची तिकिटं काढा असं माझं म्हणणं नाही. सगळ्यांना ते परवडणारही नाही. माझं सांगणं त्याच्या आधीचं आहे. पोरांनी हट्ट केला म्हणून पिल्लू उचलून घरात आणताना आपल्याला स्वतःला विचारायचं, बदली झाली तर? घर बदललं तर? मुलगा शिकायला बाहेर गेला तर? कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. घाण कोण काढणार, लसीला कोण नेणार, हे आपल्यालाच ठाऊक असतं, कारण ते आपल्याच वाट्याला येणार असतं. उत्तर 'जमणार नाही' असेल तर आणूच नये, त्यात काही वाईट नाही. दारावर येणाऱ्याला भाकरी टाकावी, पाणी ठेवावं, तेही पुण्यच आहे. पण एकदा नाव ठेवून हाक मारली, की ते नाव सामानाच्या यादीत पहिलं.

शेजारच्या आजी परवा आल्या होत्या. नातवाने पाठवलेला फोटो मी त्यांना फोनवर दाखवला. शेरू आता दांडगा झालाय, क्वार्टरच्या पायरीवर ऐटीत बसलाय. आजींनी डोळे बारीक करून बघितलं. म्हणाल्या, "माय वं, हा तं साह्यब झाला!" मग थोडा वेळ गप्प बसून हळूच विचारलं, "तुमच्या त्या मोत्यावानीच दिसते न वं?"

त्यांनाही तो आठवत होता तर. दाराशी बसलेल्या त्याला तेव्हा भाकर टाकणारी शेजारीण हीच. मी इतकी वर्षं त्यांचे आभार मानले नव्हते. त्या दिवशी मानले.